माझ्या वाट्याची चूक

शब्बीर सरांच्या नोकरीबद्दल अमरावतीत जे सांगितलं जातं, त्यातलं अर्धं खरं आहे. अर्धंच. गेल्या महिन्यात बडनेऱ्याला एका लग्नाच्या पंगतीत त्यांचा एक जुना विद्यार्थी माझ्या समोर बसला होता. शेजारी माझी दोन गिऱ्हाइकं. हा पठ्ठ्या वरणात बोट घालून हसत म्हणाला, "हेच थे गावंडे. सरांची नोकरी खाल्ली यायनं." मी हातातला घास पत्रावळीवर आपटला आणि उठून गेलो. बायको अजून बोलते त्यावरून. बोलू दे. अख्खा दोष कोणी माझ्या अंगावर टाकायला लागला की मी भांडणार. तेव्हा सर कोण होते आणि काय झालं, ते सगळं एकदा लिहून टाकतो.

त्या काळात मी अकोल्यात जुने कॉम्प्युटर विकत होतो. वऱ्हाडात वाईट वर्षं चालली होती. टीव्हीवाल्यांच्या गाड्या खेड्याखेड्यांत फिरत, मंत्री येऊन जात, पॅकेजं जाहीर होत. जिनिंग आणि सूतगिरण्या एकामागून एक बंद पडत, आणि बंद पडलेल्या ऑफिसातली यंत्रं मी उचलून आणी. त्यात मला स्विच मिळू लागले. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्या लोखंडी पेटीत येऊन मिळतात आणि जी पेटी कोणाचं बोलणं कोणाकडे धाडायचं ते ठरवते, ती. भंगारवाल्यांना तिची किंमत कळत नव्हती, मला कळत होती. पण पेटी विकायला गेलं की गिऱ्हाईक विचारी, लावून कोण देणार? मोठ्या कामाला तर परीक्षा पास झालेला माणूस लागे. ही परीक्षा परदेशी कंपनीची, नागपूरच्या केंद्रावर कॉम्प्युटरसमोर बसून द्यायची. वरच्या पातळीचे तीन पेपर, त्यातला एक फक्त स्विचचा. मी बारावीवर शाळा सोडलेला. शिकवणारा कोण म्हणून विचारलं तर चार जणांनी एकच नाव सांगितलं.

सरांचं घर अमरावतीत, इतवाऱ्याच्या बाजूला. पुढे मोठ्या भावाचं गादीघर. पिढ्यान्‌पिढ्यांचे पिंजारी. खाली पिंजण्याचं मशीन धडधडत असे आणि त्याचा कापूस उडून जिन्यानं वर, सरांच्या खोलीत येई. खोलीत चार टेबलं, एक फळा आणि मांडणीवर स्विच. सर सायकलच्या पंपानं त्या पेट्यांतला कापूस उडवत बसलेले. भुवयांवरही कापूस, त्यामुळे चाळिशीचा माणूस साठीचा दिसायचा.

मी विचारलं, "फी किती?"

"तुमी काय करता?"

"जुने कॉम्प्युटर विकतो, अकोल्याले."

"मंग पैसे नका देऊ. शिकाले तीन स्विच आना. शिकनं झालं का घेऊन जा वापस."

"एक आणतो."

"तीन."

"दोन. आणि वायरी माझ्याकडून."

"तीन."

मी आणखी दहा मिनिटं बोललो. अमरावतीचं भाडं, येण्याजाण्याचा वेळ, पेट्या बिघडल्या तर कोण भरून देणार. ते पंप मारत राहिले. भाव सांगून गप्प बसणारा माणूस मी धंद्यात पाहिला नव्हता. समोरचा बोलला तर त्याला खाली आणता येतं, गप्प बसलेल्याला कुठून धरायचं? पुढच्या रविवारी मी तीन पेट्या घेऊन गेलो. जिना चढताना स्वतःलाच शिव्या दिल्या.

वर्ग रविवारी दहा ते चार. आम्ही सहा जण होतो. एक नांदगाव खंडेश्वरचा, एक धारणीहून जीप-बस करत आदल्या दिवशीच येणारा, बाकी शहरातले. सगळ्यांच्या बापांकडे शेती, आणि सगळ्यांचे बाप सांगत, वायरीचं काहीतरी शीक. सरांचा नियम एक. कीबोर्डला हात लावायच्या आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि तोंडानं सांगायचं, आता मी हे लिहिणार, त्यानं हे होईल. चुकलं तर हात सुटत नसत. मी पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप, गिऱ्हाइकांना घाम फोडणारा माणूस, शाळेतल्या शिक्षेसारखा हात मागे घेऊन उभा राहायचो आणि हा माणूस म्हणायचा, "पुन्हा सांगा, गावंडे भाऊ. घाई कोनाले आहे?"

घाई मला होती. कायम होती.

इंग्रजीचं जाड पुस्तक सर एकेक वाक्य मोठ्यानं वाचत, मग हिंदीत, मग आमच्या बोलीत सांगत. एकदा वाचता वाचता थांबले. पेट्या आपल्यात एक मुख्य निवडतात आणि आपण कोणाला नेमलं नाही, तर बहुतेक वेळा सगळ्यात जुनी, सगळ्यात मंद पेटीच मुख्य होऊन बसते, असा तो भाग होता. नांदगावचा पोट्टा म्हणाला, "सर, आमच्या सोसायटीचं पन असंच आहे." सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी त्यांना तसं हसताना दोनदा पाहिलं.

दुसऱ्यांदा हसले ते माझ्या एका प्रश्नावर, आणि तो प्रश्नच या सगळ्याच्या मुळाशी आहे, म्हणून नीट सांगतो.

मोठ्या नेटवर्कात वेगवेगळ्या खात्यांचे कप्पे पाडतात. कॉलेज असेल तर ऑफिसचा कप्पा वेगळा, ग्रंथालयाचा वेगळा, परीक्षा विभागाचा वेगळा. या कप्प्यांची एक यादी असते. ती प्रत्येक पेटीत जाऊन लिहायला नको, म्हणून पेट्या ती एकमेकींना सांगतात. यादीत बदल झाला की यादीचा आकडा एकानं वाढतो.

सरांनी विचारलं, "दोन पेट्यांत दोन याद्या निंगाल्या. कोनाची खरी?"

धारणीचा म्हणाला, "जिची बरोबर असन तिची."

"नाई. जिचा आकडा मोठा, तिची. बाकीच्या आपली यादी फेकून देतात अन् तिची घेतात."

"हा तं अन्याय झाला, सर."

"हाव. पेटी आहे थे. पेटीले न्याय कुठून येईन?"

आमच्या सरावाच्या पेट्यांवर दर रविवारी कप्पे पाडायचे, पुसायचे, पुन्हा पाडायचे. त्यांचा आकडा चढतच जाई आणि संध्याकाळी यादी मात्र कोरी. म्हणून सरांचा दुसरा नियम. खोलीतून पेटी बाहेर काढायची असेल तर आधी तिच्यातलं नेटवर्कचं नाव बदलायचं. नाव बदललं की आकडा शून्यावर येतो; यालाच आम्ही पेटी पुसणं म्हणायचो. वेगळ्या नावाच्या नेटवर्काचं पेटी ऐकतही नाही.

हे नाव आमच्या खोलीत होतं 'सना'. सरांची मुलगी. मी विचारलं, "सर, कॉलेजातल्या नेटवर्काचं नाव काय?"

"सना."

"आणि पासवर्ड?"

"तोच आहे."

"दोन घरांना एकच नाव कोण ठेवतं सर?"

"पोरगी एकच आहे, गावंडे भाऊ."

सगळे हसले, सर हसले, मीही हसलो. पण लक्षात ठेवा, बोट मी तिथे ठेवलं होतं, तेव्हाच. कॉलेजात काही बदल करायचा असला की सर आधी घरी हुबेहूब तसंच करून पाहत, म्हणून नाव, पासवर्ड सगळं सारखं. त्यांना त्यात धोका दिसत होता, नाही असं नाही. आपण पेटी पुसल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही, हा त्यांचा भरवसा.

आता कॉलेज. अमरावतीबाहेर एका संस्थेचं खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. सर तिथे बारा वर्षं कंत्राटावर होते. हुद्दा प्रयोगशाळा सहायकाचा, काम अख्ख्या कॉलेजच्या नेटवर्काचं. दर जूनला नवा कागद, दर जूनला तीच धाकधूक. तिथल्या प्राचार्यांनी अखेर शब्द दिला होता, तीन पेपर पास व्हा, तुम्हाला कायम करतो, फीसुद्धा कॉलेज भरेल. सर दोन पेपर पास झाले होते. उरला होता हाच, स्विचचा. नागपूरची तारीख ठरलेली. आमच्या वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं की आणखी एक महिना, आणि सर कायम. गादीघरात त्यांचा भाऊ मला म्हणाला होता, "उसके बाद ये मशीन की धूल नहीं खाएगा वो." सर जिन्यावरून ओरडले होते, "भाईजान, पहले पास तो होने दो."

आमचा वर्ग संपला. मी माझ्या तीन पेट्या अकोल्याला परत आणल्या. पुसायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, त्या दिवशी बस पकडायची होती, म्हटलं दुकानात गेल्यावर पुसू.

पंधरा दिवसांनी गुरुवारी सरांचा फोन. वीज कमीजास्त होऊन कॉलेजच्या एका इमारतीचा स्विच जळला होता आणि शुक्रवारी दुपारी तीनला मान्यतेची समिती येणार होती. "गावंडे भाऊ, तुमच्या पेट्यांतली एक घेऊन या. कॉलेज विकत घेईन. पन लावू नका. मी उद्या जुम्म्याची नमाज पढून येतो, मंग लावू."

शुक्रवारी बाराला मी कॉलेजात. प्राचार्यांशी भावाचं बोलणं झालं, माझ्या मनासारखं झालं. मग ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "लावून टाका की."

"शब्बीर सर येतात दीड-दोनपर्यंत."

"तुम्हीही तेच शिकलात ना? मग त्यांचीच वाट कशाला?"

हे वाक्य मला गोड लागलं. खोटं कशाला बोलू. त्या कॉलेजात चार इमारती, वर्षाचं देखभालीचं काम केवढं मोठं, ते येताना मी डोळ्यांनी मोजून ठेवलं होतं. प्राचार्यांसमोर हात मागे बांधून उभं राहायची माझी तयारी नव्हती. मी पेटी बसवली, वायर लावली, दिवे लागले. प्राचार्य म्हणाले, "वा."

मिनिटभरात ऑफिसातून एक बाई बाहेर आल्या, कॉम्प्युटर बंद पडला म्हणून. मग ग्रंथालयातून. मग परीक्षा विभागातून. माझ्या पेटीचा आकडा दोनशेच्या वर आणि यादी कोरी. कॉलेजच्या पेट्यांचा आकडा चाळिशीत. सगळ्यांनी आपापली बारा वर्षांची यादी टाकून दिली आणि माझी कोरी यादी खरी मानली. ज्यानं कोणी ही व्यवस्था केली तो मला एकदा भेटायला पाहिजे.

काय झालं ते मला कळलं. पण परत भरणार काय? कोणते कप्पे होते, कोणते नंबर होते, ते फक्त सरांना माहीत.

सर पावणेदोनला आले, डोक्यावरची टोपी तशीच. पेटीसमोर बसले, एक ओळ लिहिली, आकडा वाचला. माझ्याकडे न बघता विचारलं, "पुसला नवता?"



त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. कॉलेजचा प्रत्येक कप्पा, प्रत्येक नंबर हातानं लिहिलेला. एकेक वाचत, ओठ हलवत, ते परत भरू लागले. समिती लवकर आली. खाली पोर्चमध्ये हार घालणं चाललं होतं आणि वर कॉलेज मेलेलं. समितीतल्या एकानं ग्रंथालयात जाऊन विचारलं, तुमचं नेटवर्क नेहमी असंच असतं का? सगळं सुरू झालं तेव्हा अडीच वाजून गेले होते. काम झालं, नाक कापलं गेलं.

प्राचार्य वर आले. "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. म्हणणार होतो की अर्धी चूक माझी.

सर म्हणाले, "म्या."

"लावला कोणी?"

"मी सांगितलं म्हनून यायनं लावला. चूक माही आहे."

प्राचार्यांना ठाऊक होतं की लावून टाका असं स्वतः त्यांनीच म्हटलं होतं. ते माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. त्यांना एक माणूस पाहिजे होता, तो मिळाला. "बारा वर्षांत एक दिवस, शब्बीर," एवढंच म्हणाले आणि गेले.

जूनमध्ये कागद आला नाही. परीक्षेची फी भरू असं पत्र कॉलेजनं दिलं होतं, ते त्याआधीच मागे घेतलं.

मी इतवाऱ्यात गेलो तो भांडायलाच. सर पंप मारत होते. म्हटलं, "तुम्ही खोटं कशाला बोललात? लावू नका असं सांगितलं होतं तुम्ही मला."

"सांगितलं होतं."

"मग? चला, उद्या दोघं जाऊ प्राचार्यांकडे. दोन ठिकाणी एक नाव ठेवलं ही तुमची चूक. न पुसता लावला ही माझी. अर्धी अर्धी."

"नाई."

"बरं, साठ माझी, चाळीस तुमची."

"नाई, गावंडे भाऊ."

"सत्तर!" आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःविरुद्ध बोली वाढवत होतो, आणि समोरचा तरी घेईना. खालचं मशीन थांबलं होतं, भाऊ कान देऊन ऐकत होता, मला पर्वा नव्हती. "पंचाहत्तर घ्या. पण बोला काहीतरी!"

त्यांनी पंप खाली ठेवला. "पेटी माह्या वर्गातली, नाव माह्या पोरीचं, शिकवनारा मी. शिकवलेला मानूस चुकला तं शिकवनं चुकलं. याच्यात कायचे वाटे करून राहिले तुमी?"

"परीक्षेची फी मी भरतो. नागपूरला जा. पास व्हा आणि फेका तो कागद प्राचार्यांच्या तोंडावर."

"कोनासाठी पास होऊ आता?"

"स्वतःसाठी व्हा!"

"शिकवाले थे कागद लागत नाई," म्हणाले, आणि पंप उचलला.

मला त्या माणसाचा असा राग आला की जिन्याचा कठडा धरून उभा राहिलो. नोकरी गेली, बारा वर्षं गेली, आणि हा एका माणसाशीही भांडायला तयार नाही. मीच भांडू शकत होतो तर माझा वाटासुद्धा ठेवून घेतला. बरं, मी एकटा प्राचार्यांकडे का गेलो नाही? हा प्रश्न पंगतीतल्या त्या पोराला पडला असणारच, म्हणून सांगतो. मी नागपूरला जाऊन तोच स्विचचा पेपर दिला, पास झालो. पुढच्या महिन्यात त्याच प्राचार्यांचा फोन आला, देखभालीचं काम घेता का म्हणून. मी घेतलं. त्यांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा वर नेऊन घेतलं. पाच वर्षं केलं. सरांच्या हाताची ती वही कॉलेजच्या कपाटात होती, ती माझ्या कामाला आली.

तीन वर्षांनी एका रविवारी इतवाऱ्यात गादी भरायला टाकायची होती म्हणून गेलो. दुसरी गादीघरं नव्हती असं नाही. वरून सरांचा आवाज येत होता. मी जिना चढून दाराशी थांबलो. खोलीत आठ-दहा पोट्टे, दोन मुलीही. सर फळ्याजवळ, भुवयांवर कापूस. ते त्याच शुक्रवारची गोष्ट सांगत होते.

"अन् मी घाईघाईत पेटी न पुसता तशीच लावली," सर म्हणाले. "मले वाटलं, काय होते."

"खोटं आहे," मी दारातून म्हणालो.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. सरांनीही पाहिलं. मग मी थांबलोच नाही. त्यांनी लावू नका सांगितलं होतं. मी लावला. प्राचार्यांसमोर शायनिंग मारायला लावला, वर्षाचं काम डोळ्यांपुढे होतं म्हणून लावला. दोनशेचा आकडा होता पेटीवर. यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी गप्प बसलो, आणि नंतर यांचंच काम घेतलं, यांचीच वही वापरली. ओरडतच होतो मी. एका मुलीनं वहीत तोंड लपवलं, ती घाबरली होती की हसत होती, कळलं नाही.

मी दम खायला थांबलो. सर खडू बोटांत फिरवत होते.

"आकडा चुकला," ते म्हणाले. "दोनशे बारा होता."

"आणि बाकीचं?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. वर्गात पाठीमागे हात बांधून उभं असताना पाहायचे तसं, उत्तर पूर्ण झालं का ते तपासत.

"बाकीचं बरोबर आहे," म्हणाले. मग पोरांकडे वळून, "लिवून घ्या." मग मला, "बसा ना."

मी बसलो नाही. वळलो आणि जिना उतरू लागलो. मागे त्यांनी गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. "तं अकोल्याचे एक विद्यार्थी होते माहे," एवढं ऐकू आलं. तेवढ्यात खाली भावानं मशीन चालू केलं.